जंताची गाठ

माझ्या लेकीला कच्चा कोबी आवडायचा. मी भाजी चिरायला बसले की शेजारी येऊन बसायची आणि चिरलेला कोबी मूठमूठ तोंडात टाकायची. मुळा, गाजर, कोवळी मेथी, शेतातून उपटून आणलेले हरभऱ्याचे डहाळे, काही वर्ज्य नव्हतं. "अगं, धुवू तरी दे," म्हणेपर्यंत अर्धं संपलेलं असायचं.

ती सात वर्षांची असताना, अंघोळ घालताना, तिच्या उजव्या बरगडीखाली माझ्या हाताला काहीतरी टणक लागलं. विट्याच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि त्याच दिवशी मिरजेला जायला सांगितलं. तिथं कळलं की यकृताचा कॅन्सर आहे. लहान मुलांना होणारा. त्याचं लांबलचक नाव मला नीट म्हणायला आठवडा लागला. पुढे मी ते नाव इतक्या सहज घ्यायला लागले की नर्स विचारायच्या, तुम्ही याच लाइनमधल्या का.

नवरा तेव्हा कोईमतूरला होता. विट्याकडच्या कितीतरी घरांतले पुरुष असेच लांबच्या शहरांत असतात. गलाईचं दुकान, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं काम. हे दिवाळीला आणि गावच्या यात्रेला यायचे, एरवी फोनवर. लेकीच्या आजारपणातही येऊन-जाऊनच राहिले. मी तक्रार केली नाही. दुकानाला कुलूप लागलं तर गिऱ्हाईक दुसरीकडं जातं, हे आमच्याकडं लहान पोरांनाही माहीत असतं. दवाखाना मी केला. केमोची सलाइनं, उलट्या, तोंड आलेलं, तापाच्या वेळची धावपळ, पुण्यातलं मोठं ऑपरेशन, सगळं. एएफपी नावाची एक रक्ततपासणी असते; आजार वाढला की तो आकडा वाढतो, उतरला की उतरतो. रिपोर्ट आला की आधी मी तो आकडा पाहायची आणि मग ह्यांना फोन करायची.

"उतरलाय," मी म्हणायची.

"व्हय का? झ्याक झालं," ते म्हणायचे. मागं भट्टीचा आवाज यायचा.

त्या फोनांमध्ये मी ह्यांच्यापासून काही लपवलं नाही. वाईट आकडा आला तेव्हा वाईट सांगितला. तिच्या छातीत एक ठिपका दिसतोय म्हणाले तेव्हा तेही सांगितलं, आणि केमोनं तो गेला तेव्हा तेही. मला वाटायचं, लांब असलेल्या बापाला निदान खरं तरी कळायला हवं.

केमोच्या एका औषधानं तिच्या कानांवर परिणाम झाला. असं होऊ शकतं हे आधीच सांगितलेलं होतं. तिला बारीक आवाज ऐकू यायचे नाहीत. कुकरची शिट्टी, फोनची रिंग, चिमण्या. माझा आवाज बारीक, त्यामुळं मी पाठीमागून हाक मारली तर तिला कळायचंच नाही. समोर जाऊन, तोंड दिसेल असं बोलावं लागायचं. पण जाड आवाज तिला नीट यायचे. ट्रॅक्टर यायचा, ढोल यायचा, पुरुषमाणसांचं बोलणं यायचं. ही गोष्ट घरात मला एकटीला नीट ठाऊक होती. बाकी सगळ्यांनी 'पोरीला ऐकू येत नाही' एवढंच लक्षात ठेवलं होतं.

उपचार संपले. आकडा नॉर्मल झाला. केस परत आले, आधीपेक्षा कुरळे. ती पुन्हा शाळेत जायला लागली आणि वर्गात पहिल्या बाकावर बसायला लागली. जवळजवळ वर्षभर आम्ही साधी माणसं होतो.

संक्रांतीच्या आसपास ती सकाळी उठल्यावर डोकं दुखतंय म्हणायला लागली. एकदोनदा उलटी झाली. मला चष्म्याचा नंबर वाटला. मग एक दिवस शाळेतून फोन आला की फिट आलीय. तिला घेऊन मी मिरजेला गेले. कराडहून माझा मोठा भाऊ आला, तो तिथं कॉलेजात शिकवतो. दुसऱ्या दिवशी हेही कोईमतूरहून पोचले. डोक्याचा एमआरआय झाला, रक्त घेतलं.

रिपोर्ट आल्यावर मॅडमनी आत बोलावलं. मॅडम म्हणजे पहिल्यापासून तिला तपासणाऱ्या डॉक्टर. मी उठले तर दादा म्हणाला, "तू पोरीजवळ थांब. आम्ही बघतो." हे म्हणाले, "तिला शहाळं पायजे म्हणत हुती. तेवढं आण जा." मी नवऱ्याकडं पाहिलं. दोन वर्षांत ते पहिल्यांदाच डॉक्टरांच्या खोलीत पुढं होऊन जात होते. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मी खाली जाऊन शहाळं आणलं.

परत आले तेव्हा दोघं लेकीच्या पलंगाशी उभे होते. दादानं माझ्याकडं पाहिलं नाही. हे म्हणाले, "जंताची गाठ हाय डोक्यात. लय घाबरायचं काम न्हाई. गोळ्यांनी इरघळती. माझ्या चुलतभावाच्या पोराला झालती, आठवतंय न्हवं? कॉलेजात जातोय आता."

"एएफपी?"

"नॉर्मल."

मी तिथंच खाली बसले. देवाचे आभार मानले. कच्च्या, न धुतलेल्या भाजीतून जंताची अंडी पोटात जातात आणि कधीकधी मेंदूपर्यंत पोचतात, हे मला दादानं समजावून सांगितलं. शास्त्र शिकवणारा माणूस, नीट समजावलं त्यानं. ऐकता ऐकता मला कोबी आठवला.

औषधांनी तिला उतार पडला. सूज कमी करणाऱ्या गोळ्या होत्या. डोकेदुखी थांबली, भूक इतकी वाढली की ती दिवसातून चारदा जेवायला मागायची. गाल फुगले. मी सगळ्यांना सांगत होते, गोळ्या लागू पडल्या. ह्यांनी दुकान त्यांच्या भावावर सोपवलं होतं आणि ते घरीच राहिले होते. पाहुणे यायला लागले. कुणी बाहुली आणायचं, कुणी फ्रॉक. सासूबाई रोज तिच्या आवडीचं काहीतरी रांधायच्या आणि ती जेवताना समोर बसून राहायच्या. मला वाटायचं, पोरगी दुसऱ्यांदा वाचली म्हणून हे कौतुक.

आणि मी भाजी धूत होते. मीठ घातलेल्या पाण्यात मेथीचं पान न् पान उलटून. घरात कच्चं काही येऊ द्यायचं नाही असा मी नियम केला. पाणी उकळून. काकडी बंद, कोशिंबीर बंद, कोथिंबीरसुद्धा शिजवून. मिरजेला तपासायला नेलं तेव्हा मॅडम माझा हात धरून म्हणाल्या, "तिला जे आवडेल ते द्या आता."

"कच्चंसुद्धा?"

"काहीही द्या."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, मॅडमचं लक्ष नव्हतं बहुतेक. हे म्हणाले, "गर्दी हुती ना." मी नियम तसाच चालू ठेवला.

सातारला माझं माहेर आहे. वडिलांनी तिकडून पाचगणीच्या स्ट्रॉबेरीची पेटी पाठवली. लेकीनं झाकण उघडलं आणि वास घेतला. मी पेटी काढून घेतली. जमिनीलगत येणारं फळ, माती चिकटलेली, कितीही धुतलं तरी खात्री कुठं. ती म्हणाली, "एकच दे ना आई." मी नाही म्हटलं. तिनं ह्यांच्याकडं पाहिलं. ते समोर खुर्चीत बसले होते. ते उठून बाहेर गेले. पेटी शेजाऱ्यांना दिली. झोपताना मी तिच्या समोर बसून, तिला तोंड दिसेल असं म्हटलं, "बाळा, माझीच चूक आहे गं. मी तुला तसलं खाऊ दिलं." हे मी तिला त्या दिवसांत किती वेळा म्हटलं असेल, सांगता येत नाही.

एका दुपारी मी मागच्या दारी कोथिंबीर निवडत होते आणि ती उन्हात खुर्ची टाकून बसली होती. एक पाय थोडा ओढत चालायला लागली होती तोवर. मी तिसऱ्यांदा पाणी बदललं. ती म्हणाली, "आई, किती धुतेस? जंत नाहीत माझ्या डोक्यात."

"मग काय आहे?" मी हसून विचारलं.

"तेच. पोटातलं. वर गेलंय."

मी तिच्या समोर जाऊन बसले. "कोण म्हणालं?"

"पप्पा आणि मामा. दवाखान्यात, तू शहाळं आणायला गेलीस तेव्हा बोलत होते. त्यांना वाटलं मला ऐकू येत नाही." मग म्हणाली, "मी पप्पांना विचारलं. तर ते रडले. म्हणाले, आईला सांगू नको, तिला सहन होणार नाही."

"मग आज का सांगितलंस?"

"तू सारखी माझी चूक, माझी चूक म्हणतेस म्हणून."

त्यावर मी काय बोलले ते मला आठवत नाही. तिला जवळ घेतलं एवढं आठवतं, आणि माझे हात ओले होते म्हणून तिनं 'गार लागतंय' म्हटलेलं.

ती झोपल्यावर मी दादाला फोन लावला. मला त्याला एक संधी द्यायची होती. लहानपणी माझ्या सगळ्या भानगडी त्यानं निस्तरल्या होत्या. लग्नात माझी पाठवणी करताना सगळ्यांत जास्त तोच रडला होता.

"दादा, ती गाठ केवढी आहे रे?"

"बारीक आहे अगं."

"विरघळेल?"

"विरघळणार. तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस?"

इतका सहज आवाज होता. मी फोन ठेवला. एकवेळ नवऱ्याचं खोटं मी समजून घेतलं असतं, कारण तो माणूस लग्नानंतरही निम्मा परकाच राहिला होता. दादाचा आवाज मात्र मी जन्मापासून ओळखते असं समजत होते.

संध्याकाळी हे बाहेरून आले. चपला काढत होते तेव्हाच मी विचारलं, "एएफपी किती आला होता?"

"सांगितलं न्हवं? नॉर्मल."

"आकडा सांगा."

त्यांनी चपला काढायच्या तशाच ठेवल्या. "कुणी सांगितलं तुला?"

"तिनं."

"तिला सांगू नको म्हटलं हुतं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य हे होतं.

आमच्यात मी 'अहो' म्हणते, लिहितानाही तसंच लिहितेय. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा अरे-तुरे केलं. "नऊ वर्षांच्या पोरीला तू सांगितलंस? आईशी खोटं बोल म्हणून?"

ते पायरीवर बसले. "तू ढासळली असतीस. मग तिच्याकडं बघायचं कुणी?"

"आधी कोण बघत होतं?"

"तेच म्हणतोय मी. दोन वर्सं समदं तू एकटीनं काढलंस. म्हटलं, एवढं तरी आपण आपल्याकडं घ्यावं. तेवढे दिस तरी तू हसून-खेळून ऱ्हाशील."

"हसून-खेळून? मी भाज्या धूत होते. स्ट्रॉबेरी मागत होती ती, तू समोर बसला होतास."

खोटं सांभाळायचं तर स्ट्रॉबेरीही नाकारायलाच हवी होती. ते त्यांनी माझ्या हातून करून घेतलं.

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. "आमालाबी वाटलं, तुला कशाला..." एवढंच म्हणाल्या. तेव्हा माझ्या डोक्यात ते पाहुणे, ते फ्रॉक, ती रोजची ताटं सगळं एकदम उलगडलं. माणसं तिला भेटून जात होती. निरोप घेत होती. मी त्यांना चहा करून देत होते आणि गोळ्या कशा लागू पडल्या ते सांगत होते, आणि ती माणसं मान हलवत ऐकून घेत होती.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच एसटीनं मिरजेला गेले. मॅडमना म्हटलं, मला सगळं सांगा. त्या म्हणाल्या, "पण तुम्हाला माहीत आहे ना? तिच्या वडिलांनी सांगितलं होतं, तुम्हाला सगळं माहीत आहे, फक्त त्याविषयी बोलायचं नाहीय. म्हणून मी विषय काढत नव्हते."

म्हणजे मला एक खोटं आणि मॅडमना दुसरं. मॅडम म्हणाल्या, "मी तुमच्याशी स्वतः बोलायला हवं होतं." मी हो म्हटलं. त्यांना बरं वाटावं म्हणून 'तसं काही नाही' म्हणायची माझी सवय होती, ती त्या दिवशी वापरली नाही.

त्यांनी स्क्रीनवर दाखवलं. मेंदूत दोन ठिकाणी गाठी, त्यातल्या एकीतून रक्तस्राव. छातीतही परत आलं होतं. मेंदूला रेडिएशन देता आलं असतं, पुण्याला न्यावं लागलं असतं. बरं होण्यासाठी नाही. काही आठवडे, जमलं तर थोडे महिने वाढले असते, त्यातले किती चांगले गेले असते ते सांगता येत नव्हतं. तिच्या वडिलांनी त्याच दिवशी, त्याच खोलीत नको म्हणून सांगितलं होतं.

"आता देता येईल?"

मॅडमनी नकारार्थी मान हलवली. आजार बराच पुढं गेला होता.

परतीच्या गाडीत तासगाव येईपर्यंत मी एकच विचार करत होते. मला विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं? कदाचित मीही नको म्हटलं असतं. पुन्हा दवाखाना, पुन्हा सुया, तिचे नुकते आलेले केस. कदाचित हो म्हटलं असतं. आजही माहीत नाही, आणि कधीच कळणार नाही. तिला पोटात वाढवण्यापासून सलाइनची शीर शोधण्यापर्यंत जिथं तिथं मी होते, आणि तिच्याबद्दलचा सगळ्यांत मोठा निर्णय झाला तेव्हा मी खाली शहाळं फोडून घेत उभी होते.

मी तिला घेऊन सातारला आले. विट्याच्या त्या घरात प्रत्येक भिंतीला माझ्याआधी माहीत होतं असं वाटायचं. आई-वडिलांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी तिचा पलंग टाकला. तिथून अजिंक्यतारा दिसायचा. वडील पाचगणीला जाऊन ताज्या स्ट्रॉबेरी घेऊन आले. मी एक न धुताच तिच्या हातात दिली. तिनं थोडी चाटली आणि परत दिली. तिला आता कशाचीच चव लागत नव्हती.

मी तिला सांगितलं की यापुढं तू जे विचारशील त्याचं मी खरं उत्तर देईन. ती फार विचारायची नाही. एकदा म्हणाली, "दुखेल का?"

"दुखलं तर औषध आहे. मॅडमनी दिलंय. झोप जास्त येईल."

"आणि मग?"

"मग मला माहीत नाही, बाळा."

तिला ते उत्तर चाललं. म्हणाली, "पप्पांना पण माहीत नाही. मी विचारलं होतं."

हे सातारला आले. मी त्यांना दारातूनच परत पाठवणार होते. वडील म्हणाले, "तुमचं काय असेल ते नंतर बघा." तोवर तिची नजर अंधूक झाली होती. समोर जाऊन तोंड दाखवून बोलण्याचा माझा उपाय संपला होता. मी कानाशी बोलायची, मोठ्यानं बोलायची, तिच्या चेहऱ्यावर काही हलायचं नाही. हे तिच्या उशाशी बसले आणि त्यांच्या त्या जाड, घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बाय, मी आलोय." तिनं मान त्यांच्याकडं वळवली.

शेवटचे सगळे दिवस तिच्यापर्यंत त्यांचाच आवाज पोचत होता. मला काही सांगायचं असलं की मी ह्यांना सांगायची आणि ते तिला सांगायचे. 'आई इथंच आहे म्हणती.' 'आई म्हणती, पाणी पी.' ज्या माणसाच्या एकाही शब्दावर माझा विश्वास उरला नव्हता, त्याच्याच तोंडून मला माझ्या लेकीशी बोलावं लागलं. मी काय सांगितलं आणि त्यांनी तिला काय सांगितलं, हे मी शब्द न् शब्द कान देऊन तपासायची. त्यात मात्र त्यांनी काही बदललं नाही.

होळीनंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी, आई चहा गाळत असताना ती गेली. मी तिचे पाय चोळत होते. ह्यांचा हात तिच्या डोक्यावर होता.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. दादा पहिल्या भाऊबीजेला आला तेव्हा मी आतल्या खोलीतून बाहेर आले नाही. गेल्या भाऊबीजेला आला, मी ओवाळलं. त्यानं पाटावर बसूनच सांगितलं, "माझं चुकलं. फोनवर तरी सांगायला हवं होतं." मी ऐकलं. तो बरा आहे का विचारते, जेवायला वाढते. त्यानं पाऊस पडतोय म्हटलं तर मात्र खिडकीतून बघते.

मी विट्याला परत आले. सकाळी शाळेत शिकवते, दुपारी घरी शिकवण्या घेते. हे पुन्हा कोईमतूरला आहेत. घटस्फोटाचा विचार मी केला होता, आईशी बोललेही होते. पण लेकीला तिच्या नावानं हाक मारणारी, तिची ती चाल, तो हट्ट आठवणारी माणसं जगात मोजकी आहेत, त्यातले एक हे आहेत. तेवढ्यावर आम्ही नवरा-बायको आहोत. फोनवर ते सांगतात, जेवलो, आणि मी विचारते, काय जेवलात.

गेल्या दिवाळीत ते आले असताना मी त्यांना विचारलं. भांडण नव्हतं, आम्ही दोघं पणत्यांच्या वाती वळत होतो. "परत तीच वेळ आली तर सांगाल मला?"

त्यांनी हातातली वात वळून पुरी केली. मला वाटलं, आता हो म्हणतील, आणि ते हो मला ऐकायचं नव्हतं.

"न्हाई," ते म्हणाले. "परत तसंच करीन. तुझं त्वांड बघवलं नसतं मला."

"म्हणजे माझ्यासाठी नव्हतं ते."

"न्हाई," ते म्हणाले. "माझ्यासाठी हुतं."

मी वाती ताटलीत मांडल्या आणि तेल आणायला आत गेले.